बंद सॉफ्टवेअरच्या पोटातला खुला कोड

बाजारात विकले जाणारे बंद सॉफ्टवेअर आज पुरते बंद क्वचितच असते. टीव्ही, वायफाय राउटर, मोटारीच्या डॅशबोर्डवरचा पडदा, बँकेचे मोबाइल अ‍ॅप यांपैकी काहीही उकलून पाहिले, तर आत लिनक्स, बिझीबॉक्स, ओपनएसएसएल असा दुसऱ्यांनी लिहून खुला केलेला कोड सापडण्याची शक्यता मोठी असते. कंपनीने स्वतः लिहिलेला भाग हा त्यावर चढवलेला थर. ग्राहकाच्या हाती मात्र पडतो तो बायनरीचा, म्हणजे फक्त यंत्राला वाचता येणाऱ्या कोडचा, सलग ठोकळा आणि सर्व हक्क राखून ठेवल्याची सूचना. खुला कोड आत घेऊन असे बंद उत्पादन विकणाऱ्यावर नेमके कोणते बंधन येते? या प्रश्नावर तीन दशकांहून अधिक काळ वाद चालू आहे आणि दोन दशके खटले चालू आहेत. बंधन आहे की नाही, हे आता बऱ्यापैकी ठरले आहे. ते कुठपर्यंत पोचते यावर मात्र एकमत नाही, आणि माल विकणाऱ्याला खरी चिंता त्याचीच असते.

अटी कुठून आल्या

एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतले प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू हा मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रकल्प जाहीर केला, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढले आणि १९८९ मध्ये जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजे जीपीएल, आणले. त्याची दुसरी आवृत्ती १९९१ ची. लिनक्स कर्नल १९९२ मध्ये जीपीएलखाली आला आणि या परवान्याचे नाव जगभर झाले.

त्यातली युक्ती अशी की, ज्या कॉपीराइटच्या जोरावर कोड बंद ठेवला जातो, त्याच कॉपीराइटच्या जोरावर तो खुला ठेवायचा. परवानगीवाचून कुणाला प्रत काढता येत नाही. जीपीएल ती परवानगी देते, पण अट घालून. बायनरी पुढे दिलीत तर तिचा सोर्स कोडही द्या, बरोबर देत नसाल तर निदान तीन वर्षे चालणारा लेखी देकार द्या, आणि कोडमध्ये बदल केला असेल तर तो बदलही याच परवान्याखाली द्या. एक गोष्ट इथे पुष्कळदा नजरेतून सुटते. अट लागू होते ती वितरणाच्या क्षणी. एखाद्या बँकेने जीपीएलचा कोड घेऊन हवा तसा बदलला आणि स्वतःच्याच सर्व्हरवर चालवला, तर तिने कुणालाही काही द्यायचे नसते.

दुसऱ्या टोकाला बर्कली विद्यापीठातून आलेला बीएसडी परवाना आणि एमआयटीचा परवाना. लेखकाचे नाव व जबाबदारी नाकारणारा मजकूर कायम ठेवा, एवढेच ते मागतात. बीएसडीत पूर्वी जाहिरातीतही विद्यापीठाचा उल्लेख करण्याची अट होती. जुलै १९९९ मध्ये विद्यापीठाने ती काढून टाकली. अपाची परवान्याच्या २००४ च्या दुसऱ्या आवृत्तीने पेटंटची परवानगी जोडली आणि वर असेही म्हटले, की याच सॉफ्टवेअरविरुद्ध पेटंटचा दावा लावणाऱ्याची ती परवानगी संपेल. बंद सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना हे परवाने सोयीचे. त्यांच्या बाबतीत होणारी चूक बहुधा आळसाची असते: मूळ लेखकाची सूचना उत्पादनात कुठेच छापलेली नसते.

मधल्या जागेत मोझिलाचा परवाना आणि एलजीपीएल, म्हणजे लेसर जीपीएल. मोझिलाची अट फाइलपुरती आहे: आमची फाइल बदलली तर ती फाइल खुली ठेवा, शेजारच्या तुमच्या फाइली तुमच्या. एलजीपीएल लायब्ररींसाठी आहे आणि वाटते त्याहून कडक आहे. बंद प्रोग्रॅमला अशी लायब्ररी जोडता येते, पण ग्राहकाला तिच्या जागी सुधारलेली आवृत्ती बसवता आली पाहिजे. लायब्ररी डायनॅमिक पद्धतीने जोडली असेल तर हे सोपे असते. बायनरीतच मुरवली असेल, तर कंपनीने आपल्या भागाच्या ऑब्जेक्ट फाइली तरी द्यायला हव्यात. शिवाय अशा बदलातल्या चुका शोधण्यासाठी ग्राहकाने केलेली उलट अभियांत्रिकी कंपनीच्या अटींनी रोखता कामा नये. वापरकराराच्या ठरावीक मसुद्यात सरसकट बंदी घालणारे कलम मात्र सर्रास असते, आणि मसुदा करणाऱ्या वकिलाला आत एलजीपीएलची लायब्ररी आहे हे कुणी सांगितलेले नसते.

सुरुवातीच्या दोन कसोट्या

स्टीव्ह जॉब्स यांच्या नेक्स्ट कंपनीने ग्नूच्या जीसीसी कंपायलरला ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेची जोड दिली होती. ती बंद ठेवून, दोन तुकडे वेगवेगळे देऊन, जोडणी ग्राहकाकडूनच करवून घेतली तर चालेल का, असा जॉब्स यांचा स्टॉलमन यांना प्रश्न होता. स्टॉलमन यांनीच पुढे लिहिले आहे की, आधी त्यांना हे चालेलसे वाटले. वकिलाला विचारल्यावर न्यायालय याला पळवाट मानेल असे उत्तर आले. नेक्स्टने आपला भाग जीपीएलखाली दिला. दुसरी कसोटी रीडलाइन या छोट्या लायब्ररीची. ती पूर्ण जीपीएलखाली होती. सीलिस्प या प्रोग्रॅमचे लेखक तिला जोडून आपले काम वेगळ्या अटींवर वाटत होते. १९९२ मधल्या पत्रव्यवहारानंतर त्यांनी सीलिस्पच जीपीएलखाली आणले.

दोन्ही प्रकरणे न्यायालयाबाहेर मिटली. या विषयाची पुढची वाटचालही बरीचशी अशीच झाली आहे: एक बाजू आपला अर्थ सांगते, समोरची बाजू जोखीम न पत्करता तो मानते, आणि तो अर्थ बरोबर होता का हे न तपासताच रूढ होतो.

जोडले म्हणजे एक झाले का?

वादाचा गाभा हा. जीपीएलची अट मूळ कोडला आणि त्याच्यापासून व्युत्पन्न झालेल्या कृतीला लागते. मग आपला स्वतंत्र लिहिलेला प्रोग्रॅम जीपीएलच्या लायब्ररीला नुसता जोडला, तर तो व्युत्पन्न ठरतो का?

फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे उत्तर होकारार्थी आहे. दोन भाग एकाच अ‍ॅड्रेस स्पेसमध्ये चालत असतील, एकमेकांची फंक्शन्स बोलावत असतील, तर तो एकच प्रोग्रॅम, जोडणी स्टॅटिक असो की डायनॅमिक. पाइप, सॉकेट किंवा कमांड लाइनवरून बोलणारे प्रोग्रॅम सहसा वेगळे मानावेत, असेही फाउंडेशन म्हणते. याच्या विरुद्ध बाजू मांडणाऱ्यांत अमेरिकी वकील लॉरेन्स रोझन ठळक आहेत. कॉपीराइट अभिव्यक्तीचे रक्षण करतो. मूळ कोडमधले काही उचलले नसेल किंवा बदलले नसेल, तर केवळ जोडणीने व्युत्पन्न कृती तयार होत नाही, असे त्यांचे म्हणणे.

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स या दोहोंच्या मध्ये कुठेतरी उभे आहेत. कर्नलच्या परवान्याबरोबर त्यांनी सुरुवातीच्या काळातच टीप जोडली, की नेहमीच्या सिस्टिम कॉलमधून कर्नलची सेवा घेणारा प्रोग्रॅम व्युत्पन्न समजला जाणार नाही. लिनक्सवर बंद सॉफ्टवेअर निर्धास्तपणे चालते ते या टिपेमुळे. कर्नलच्या आत शिरणाऱ्या मॉड्यूलबद्दल मात्र ते सरसकट काही बोलत नाहीत. दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी आधीच लिहिलेली अँड्र्यू फाइल सिस्टिम लिनक्सवर आणली, तर तिला लिनक्सपासून व्युत्पन्न म्हणणे त्यांना हास्यास्पद वाटते. लिनक्सचे आतले तपशील गृहीत धरून लिहिलेले मॉड्यूल वेगळे. पुढे कर्नलमधल्या काही फंक्शन्सवर ती फक्त जीपीएलवाल्या मॉड्यूलसाठी असल्याची खूण आली. एनव्हिडियाने अनेक वर्षे आपला बंद ड्रायव्हर एका पातळ मधल्या थराआडून चालवला. मे २०२२ मध्ये त्यांनी कर्नल मॉड्यूल खुले केले. वरचा वापरकर्त्याच्या बाजूचा ड्रायव्हर आणि फर्मवेअर बंदच राहिले.

न्यायालयाने याचा निकाल लावावा म्हणून केलेला सर्वांत गंभीर प्रयत्न हँबुर्गमधला. लिनक्सचे एक जुने कर्नल-लेखक क्रिस्टोफ हेलविग यांनी २०१५ मध्ये व्हीएमवेअरवर दावा लावला: त्यांच्या बंद हायपरव्हायझरमध्ये व्हीएमकेलिनक्स नावाच्या भागातून लिनक्सचा कोड जोडलेला आहे, म्हणून संपूर्ण संच जीपीएलखाली यावा. दावा २०१६ मध्ये फेटाळला गेला, अपील २०१९ मध्ये. पण फेटाळला तो हेलविग यांचा नेमका कोणता कोड तिथे आहे हे पुरेसे सिद्ध न झाल्यामुळे. मुख्य प्रश्नाला न्यायालयाने हातच लावला नाही. व्हीएमवेअरने नंतर तो भाग काढून टाकण्याचे जाहीर केले. गूगल आणि ओरॅकल यांच्या खटल्यातही, २०२१ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जावाच्या इंटरफेसची नक्कल न्याय्य वापरात बसवली. इंटरफेसला कॉपीराइट मिळतो का, हे न ठरवताच.

मला स्वतःला रोझन यांची मांडणी कायद्याच्या मजकुराला अधिक जवळची वाटते. फाउंडेशनची रेषा तंत्रावर आखलेली आहे, आणि अ‍ॅड्रेस स्पेस ही काही कायद्याची कल्पना नव्हे. पण कंपन्यांची अंतर्गत धोरणे फाउंडेशनच्या रेषेवर चालतात, कारण ती अभियंत्याला पाळता येते आणि चुकलीच तर सावधपणाच्या बाजूला चुकते. दुसरी बाजू बरोबर आहे हे सिद्ध करण्यासाठी आपले उत्पादन पणाला लावायला कुणी तयार नाही.

न्यायालयांत काय ठरले

परवान्याला कायद्यात वजन आहे का, ही शंका बरीच वर्षे घेतली जाई. म्युनिकच्या न्यायालयाने २००४ मध्ये लिनक्स कर्नलमधल्या नेटफिल्टरचे एक लेखक हॅराल्ड वेल्टे यांच्या अर्जावर साइटकॉम या राउटर कंपनीविरुद्ध मनाई हुकूम देऊन ती मोडीत काढली. अमेरिकेत २००८ मध्ये जेकबसन विरुद्ध कॅट्झर हा खटला वरच्या न्यायालयात गेला. विषय खेळण्यातल्या रेल्वे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, पण निकाल मोठा. खुल्या परवान्यातल्या अटी मोडणे हा केवळ करारभंग नसून कॉपीराइटचा भंग ठरू शकतो, असे त्यात मान्य झाले. करारभंगात नुकसान मोजून दाखवावे लागते, आणि फुकट दिलेल्या कोडचे नुकसान मोजायचे कसे? कॉपीराइटच्या भंगात मनाई हुकूम मागता येतो. फ्रान्समध्ये याच फरकावर एक प्रकरण अनेक वर्षे अडले होते. आंत्रुव्हेर या छोट्या कंपनीची जीपीएलची लायब्ररी ऑरेंज या दूरसंचार कंपनीने सरकारी पोर्टलच्या कामात वापरली. खालची न्यायालये हा करारभंग आहे म्हणत राहिली. २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाने एकूण साडेसहा लाख युरोंची भरपाई दिली.

इथे एक जुनी भीती नीट तपासायला हवी. मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी २००१ मध्ये लिनक्सची तुलना कर्करोगाशी केली होती: स्पर्श झाला की तुमचा कोडही खुला झालाच. (त्याच कंपनीने २०१९ मध्ये विंडोजसोबत लिनक्स कर्नल देण्याचे जाहीर केले, आणि त्याचा सोर्सही प्रसिद्ध केला.) प्रत्यक्षात जीपीएल मोडल्याने कुणाचा कोड आपोआप खुला होत नाही. वितरणाची परवानगी जाते, पुढचे वितरण बेकायदा ठरते, भरपाई द्यावी लागते. आपला कोड खुला करणे हा त्यातून सुटण्याचा एक मार्ग. तो भाग काढून दुसरा लिहिणे हा दुसरा.

२००३ मध्ये लिंक्सिसने पहिला मार्ग धरला. त्यांच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरच्या फर्मवेअरमध्ये लिनक्स असल्याचे वापरकर्त्यांनी शोधून काढले. सिस्कोने ही कंपनी नुकतीच सुमारे ५० कोटी डॉलरना घेतली होती, आणि फर्मवेअर तयार झाले होते चिप पुरवणाऱ्या ब्रॉडकॉममार्फत तैवानमध्ये. साखळीतल्या शेवटच्या विक्रेत्याला आत काय आहे याची कल्पना नसणे, हे या क्षेत्रातल्या बहुतेक उल्लंघनांचे खरे कारण आहे. बदमाशी त्यामानाने कमी. सोर्स बाहेर आला, त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला, आणि त्या राउटरचे आयुष्य कंपनीने योजले होते त्याहून किती तरी वाढले.

दुसऱ्या मार्गाची उदाहरणे अधिक. बिझीबॉक्सच्या लेखकांतर्फे २००७ पासून अमेरिकेत दावे लागले. डिसेंबर २००९ मध्ये तर एकाच वेळी बेस्ट बाय, सॅमसंग यांच्यासह १४ कंपन्यांवर. बहुतेक तडजोडीने मिटले. पण या काळातच टॉयबॉक्स हा सैल परवान्याचा पर्याय पुढे आला आणि अँड्रॉइडने तो घेतला. अँड्रॉइडची घडणच अशी आहे: कर्नल जीपीएलचा, त्यावरचा जवळजवळ सगळा थर अपाची परवान्याचा, सी लायब्ररीही बीएसडीकडून आलेली. सक्तीचे समर्थक म्हणतात, दाव्यांशिवाय कुणी सोर्स देत नाही. विरोधक, ज्यांत बिझीबॉक्सचेच एक माजी लेखक रॉब लँडली आहेत, म्हणतात की दाव्यांनी कोड मिळाला नाही, कंपन्या मात्र पळाल्या. दोघांच्याही पदरी पुरावा आहे.

दावा कोणी लावायचा हा प्रश्न अलीकडचा. आजवर तो कॉपीराइटधारकाचा हक्क होता, आणि जर्मनीत एका कर्नल-लेखकाने त्याचा उपयोग पैसे उकळण्यासाठी केल्याच्या तक्रारी झाल्या. त्यावर २०१७ मध्ये कर्नलच्या अनेक लेखकांनी जाहीर केले की, परवाना मोडणाऱ्याला चूक सुधारण्यासाठी जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत दिलेली मुदत आम्ही दुसरीलाही लावू. सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सीने उलट दिशेने पाऊल टाकले. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात व्हिझिओवर लावलेल्या दाव्यात ही संस्था लेखक म्हणून उभी नाही, टीव्ही विकत घेणारी ग्राहक म्हणून उभी आहे. सोर्स मिळणे हा परवान्याने ग्राहकाला दिलेला करारातला हक्क आहे, असा तिचा दावा. २०२३ च्या अखेरीस न्यायालयाने तो सुरुवातीलाच निकालात काढण्याची व्हिझिओची मागणी फेटाळली. ही मांडणी शेवटपर्यंत टिकली, तर जाब विचारणाऱ्यांची संख्या मूठभर लेखकांवरून प्रत्येक खरेदीदारापर्यंत जाईल.

तिसरी आवृत्ती आणि कुलूपबंद यंत्रे

टिवोच्या व्हिडिओ रेकॉर्डरने जीपीएलचा सोर्स दिला, पण बदललेला कोड त्या यंत्रावर चालू दिला नाही. डिजिटल सही जुळली नाही की यंत्र नकार देई. जून २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीने घरगुती वापराच्या यंत्रांसाठी ही वाट बंद केली: बदललेली प्रत बसवण्यासाठी लागणारी किल्ली व माहितीही द्या. टोरवाल्ड्स यांना हे पटले नाही, यंत्र कसे बनवावे हे परवान्याने सांगू नये असे त्यांचे मत, आणि कर्नल दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला. ज्यांच्या यंत्रात सुरक्षेसाठी कुलूप आवश्यक आहे अशा मोटार उद्योगासारख्या क्षेत्रांनी तिसरी आवृत्ती दूर ठेवली. अ‍ॅपलने बॅश हा कमांड शेल तिसऱ्या जीपीएलखाली जाण्याआधीच्या ३.२ आवृत्तीवरच थांबवला आणि २०१९ मध्ये मॅकवर झेडशेल आणला. आयफोनच्या अ‍ॅप स्टोअरच्या अटी तर दुसऱ्या आवृत्तीशीही जुळत नाहीत असा आक्षेप आला. एका लेखकाच्या तक्रारीनंतर व्हीएलसी प्लेअर जानेवारी २०११ मध्ये तिथून गेला आणि परवाना बदलून २०१३ मध्ये परतला.

वितरण न करताच विकणे

क्लाउड आले आणि मूळ अटीची बिजागरीच निखळली. सॉफ्टवेअर सर्व्हरवर चालते, ग्राहकाला फक्त सेवा मिळते, प्रत कुणालाच मिळत नाही. २००७ च्या अफेरो जीपीएलने नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही सोर्स मागण्याचा हक्क दिला. गूगलने अशा कोडवर कंपनीत बंदी घातली. डेटाबेस बनवणाऱ्या मोंगोडीबीने २०१८ मध्ये त्याहून पुढे जाऊन सेवा चालवायला लागणारी सगळी यंत्रणाच खुली करा असा परवाना आणला, जो खुल्या परवान्यांना मान्यता देणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्हने कधी मान्य केला नाही. इलास्टिक २०२१ मध्ये आणि रेडिस २०२४ मध्ये त्याच वाटेने गेले. पुढे दोघांनीही अफेरोचाही पर्याय दिला. इथे मायएसक्यूएल आणि क्यूटी यांनी रुळवलेला दुहेरी परवान्याचा धंदा आठवावा: जीपीएल पाळा, नाहीतर पैसे भरा. त्यात कडक परवाना हा बंद सॉफ्टवेअरवाल्यांकडून पैसे मिळवण्याचे साधन होतो.

लिनक्सचा व्यावसायिक संच विकणाऱ्या रेड हॅटचा प्रश्न वेगळा. जून २०२३ पासून त्यांच्या मुख्य संचाचा नेमका सोर्स फक्त ग्राहकांना मिळतो. ग्राहकाला तो पुढे देण्याचा हक्क जीपीएलने आहेच; पण दिला तर कंपनी त्याची सदस्यता थांबवू शकते. हक्क वापरल्याबद्दल पुढचा व्यवहार तोडणे ही परवान्यात मनाई असलेली जादा अट आहे, की व्यापाराचे साधे स्वातंत्र्य, यावर जाणकार दुभंगलेले आहेत.

भारतीय कायदा आणि नवे दप्तर

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृती मानतो. अमेरिकी वादातली व्युत्पन्न कृती त्यात तशी नाही. आहे ते रूपांतर, आणि त्याच्या व्याख्येत कृतीची पुनर्रचना किंवा फेरफार करणारा कोणताही वापर येतो. लायब्ररीला हाक मारणे ही तिची पुनर्रचना की नुसता वापर? शब्दरचना सैल असल्याने दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येईल. त्याच कायद्यातले कलम ५२ स्वतंत्र प्रोग्रॅम एकमेकांशी जुळवण्यासाठी आवश्यक माहिती मिळवण्याला सूट देते, म्हणजे कायद्याचा कल अगदीच एकतर्फी नाही.

परदेशी ग्राहकांसाठी उत्पादने घडवणाऱ्या पुण्या-मुंबईतल्या कंपन्यांना मात्र हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकातून भेटत नाही, करारातून भेटतो: कोणता खुला कोड वापरला याची यादी द्या, आणि जीपीएल असेल तर आधी विचारा. अशा व्यवहारासाठी ओपनचेन हे मानक डिसेंबर २०२० मध्ये आयएसओने स्वीकारले. घटकांची यादी देणे आता सुरक्षेच्या कारणानेही सक्तीचे होत चालले आहे. सेबीने ऑगस्ट २०२४ च्या सायबर सुरक्षा चौकटीत तिचा समावेश केला, सर्ट-इनने त्याच वर्षी मार्गदर्शक सूत्रे काढली, युरोपचा नवा कायदाही तेच मागतो. सुरक्षेसाठी केलेल्या यादीत सहसा परवान्याचाही रकाना असतो, त्यामुळे माहीत नव्हते ही सबब यापुढे लंगडी पडेल.

या यादीत न मावणारी एक गोष्ट उरते. कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहून दिलेल्या कोडला रकान्यात टाकायला मूळच नसते. नोव्हेंबर २०२२ मध्ये काही प्रोग्रॅमरनी गिटहबच्या कोपायलट या कोड लिहून देणाऱ्या साधनावरून दावा लावला: खुल्या कोडवर शिकलेले हे साधन लेखकाचे नाव आणि परवाना गाळून तोच कोड पुढे करते. लेखकाची माहिती काढून टाकल्याचा मुद्दा २०२४ मध्ये खालच्या न्यायालयात टिकला नाही आणि अपिलात गेला. परवाना मोडल्याचा दावा मात्र जिवंत राहिला. दरम्यान अशा साधनांनी लिहिलेला कोड रोज नव्या बंद उत्पादनांत जात आहे.